नवी वस्तु आणि सरकारी खरेदी

अमरावतीच्या इतवाऱ्यांत एखादी गृहिणी तुरीची डाळ घ्यावयास गेली म्हणजे ती काय करते, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ती मूठभर डाळ तळहातावर घेते, तीवर फुंकर मारते, एखादा दाणा दांताखालीं धरून पाहते, आणि मग दोन दुकानें सोडून तिसऱ्या दुकानांत चार पैसे अधिक देऊन माल घेते. "अधिक कां दिलेस?" असें तिला सहसा कोणी विचारीत नाहीं, विचारलेंच तर "ही चांगली शिजते" एवढें उत्तर पुरतें. डाळ शिजली नाहीं तर पुढच्या महिन्यांत ती दुकान बदलते. खरेदी, परीक्षा, जबाबदारी आणि चुकीची दुरुस्ती या चारहि गोष्टी एकाच घरांत, एकाच माणसाच्या हातीं असतात.

सरकारच्या खरेदीचें तसें नाहीं. जिल्हा परिषदेनें शाळांसाठीं बाकें घ्यावयाचीं ठरविलीं, तर पैसा करदात्याचा असतो, गरज मुलांची असते, बाकांचें वर्णन एक कारकून लिहितो, दर दुसरा अधिकारी मंजूर करतो, आणि दोन वर्षांनीं हिशेब तपासावयास तिसराच कोणी येतो. बाकावर बसणाऱ्या मुलाला अर्थातच कोणी विचारीत नाहीं. इतक्या हातांतून जाणाऱ्या व्यवहारांत विश्वास उत्पन्न करावयाचा तर नियम हवेत. आणि नियम आले कीं ओळखीची वस्तु घेणें सोपें व नवी वस्तु घेणें कठीण होऊन बसतें. ही अडचण कोठून येते आणि तिच्यांतून वाट कशी काढतां येईल, याचा विचार आज आपल्या वऱ्हाडच्या अनुभवावरून करावयाचा आहे.

प्रथम नियमांची बाजू समजून घेऊं. उघड खरेदीचा नियम कशासाठीं जन्मास येतो, हें पाहण्यास वऱ्हाडवासीयांस दूर जावयास नको. हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित बाजार १८८६ सालीं कारंजा येथें कापसासाठीं सुरू झाला. हें कारंजा म्हणजे कारंजा लाड. तें पुष्कळ वर्षें अकोला जिल्ह्यांत होतें आणि १९९८ सालीं नवा जिल्हा झाल्यापासून वाशीम जिल्ह्यांत आहे. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापसाच्या व धान्याच्या बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. त्या काळीं अनेक बाजारांत दलाल व खरेदीदार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. बंडीजवळ उभ्या असलेल्या कास्तकारास आपला माल काय भावानें गेला हें सर्वांच्या शेवटीं कळे. वजन कोणी करावें, कटती किती घ्यावी, यास धरबंध नसे. नव्या व्यवस्थेनें बाजाराची जागा ठरवून दिली, दलालांस व मापाऱ्यांस परवाने घ्यावयास लावले, आणि या सर्वांवर देखरेख करण्यास समिति नेमली. त्या समित्यांत व्यापाऱ्यांचें वजन फार होतें, हा दोष खराच. तथापि भाव, वजन आणि कटती या तीन गोष्टी चारचौघांत ठरल्या पाहिजेत, हा धडा वऱ्हाडनें हिंदुस्थानास घालून दिला. आणि १९२८ सालच्या शेतकी कमिशननें असे बाजार इतर प्रांतांतहि स्थापावे अशी शिफारस केली.

आजची सरकारी निविदा ही त्याच विचाराची भावंड आहे. पण एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. कापूस ही सर्वांच्या ओळखीची वस्तु. ढीग समोर असतो, धागा ओढून पाहतां येतो, आणि दहा खरेदीदार तोच ढीग पाहून हर्रासांत बोली बोलतात. वस्तु सर्वांस ठाऊक असेल तेथें उघड बोलीसारखें दुसरें साधन नाहीं. म्हणूनच निविदेंत वस्तूचें वर्णन देतात, दर मागवितात, आणि त्या वर्णनांत बसणाऱ्यांपैकीं सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम देतात. कागद, खडू, डांबर, सिमेंट, रुग्णालयांतील चादरी यांस ही रीति चांगली लागू पडते. नव्या वस्तूचा मात्र बाजारांत ढीग नसतो. तिचें वर्णन लिहावयाचें तर ती आधीं माहीत असावी लागते, आणि ती कोणास फारशी माहीत नाहीं म्हणूनच आपण तिला नवी म्हणतों.

समजा, अकोल्याच्या एखाद्या तरुण यंत्रज्ञानें गांवच्या नळयोजनेंतील गळती शोधणारें एक स्वस्त उपकरण तयार केलें. तो निविदा भरावयास गेला कीं त्याला तीन प्रश्न विचारले जातात. गेल्या तीन वर्षांची उलाढाल किती? असेंच काम पूर्वीं केल्याचा दाखला आहे काय? अनामत रक्कम आणली आहे काय? अनुभव नाहीं म्हणून काम नाहीं, आणि काम नाहीं म्हणून अनुभव नाहीं, अशा फेऱ्यांत तो सांपडतो. या अटी मूर्खपणाच्या आहेत असें मात्र कोणी समजूं नये. आज दुकान मांडून उद्यां गाशा गुंडाळणाऱ्या ठेकेदारांपासून सरकारी पैसा वांचविण्यासाठींच त्या घातलेल्या आहेत. त्या चोरास अडवितात, आणि त्याच दारांत प्रामाणिक नवशिक्यासहि अडवितात.

आतां टेबलाच्या पलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याची स्थिति पाहा. त्यानें नेहमींची वस्तु नेहमींच्या रीतीनें घेतली आणि ती निकामी निघाली, तर दोष ठेकेदाराचा. त्यानें नवी वस्तु चार पैसे अधिक देऊन घेतली आणि ती निकामी निघाली, तर दोष त्याचा. लेखापरीक्षक "कमी दर असतांना जास्त दर कां दिला?" हें विचारूं शकतो, "गांवास उपयोगीं पडणारी वस्तु तुम्हीं कां घेऊन पाहिली नाहीं?" असा आक्षेप सहसा कोणी लिहीत नाहीं. अशा आक्षेपांत एकदां सांपडलेला अधिकारी पुढें ताकहि फुंकून पितो, यांत नवल नाहीं. त्यांत मार्च महिन्याची धांदल येते. वर्षाचा पैसा ३१ मार्चच्या आंत खर्च झाला नाहीं तर तो परत जावयाचा. आणि नव्या वस्तूची परीक्षा करण्यास निदान एक उन्हाळा किंवा एक पावसाळा हवा असतो. मग गेल्या वर्षींच्या निविदेवरची तारीख बदलून तीच पुन्हां काढणें हा मार्ग सर्वांत निर्धोक ठरतो.

या सर्व अडचणींच्या मुळाशीं एकच प्रश्न आहे असें मला वाटतें. नवी गोष्ट फसली तर नुकसान कोणी सोसावयाचें? तें विकणाऱ्यानें सोसावें, घेणाऱ्या खात्यानें सोसावें, कीं ज्याच्यासाठीं ती घेतली त्या गांवानें सोसावें? हा प्रश्न खरेदीपूर्वीं उघडपणें सोडविला नाहीं, तर तो खरेदीनंतर आपोआप सुटतो. आणि तेव्हां ओझें बहुधा सर्वांत दुबळ्याच्या माथीं पडतें. वस्तु नवी असो कीं खरेदीची पद्धति नवी असो, हा नियम सारखाच लागू आहे. वऱ्हाडनें याचीं दोन मोठीं उदाहरणें डोळ्यांनीं पाहिलीं आहेत.

पहिलें उदाहरण कापूस एकाधिकार खरेदी योजनेचें. १९७१ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें कापसाची खरेदी, प्रक्रिया व विक्री यांसाठीं कायदा केला, आणि १९७२ च्या हंगामापासून योजना अमलांत आली. वसंतराव नाईक हे तेव्हां मुख्यमंत्री होते. कास्तकारानें कापूस फक्त सरकारी योजनेसच विकावयाचा, सरकारनें हंगामापूर्वीं हमीभाव जाहीर करावयाचा, केंद्रावर प्रत पाहून माल घ्यावयाचा, सरकी काढून गांठी बांधावयाच्या व त्या विकावयाच्या, अशी ही रचना होती. एका राज्यानें सबंध पिकाचा एकमेव खरेदीदार व्हावें, ही कल्पना देशांत अगदीं नवी होती. अमरावती, अकोला, यवतमाळ या जिल्ह्यांचा संसार कापसावर चालतो. तेव्हां योजनेचें यशापयश येथें घराघरांत मोजलें जाई.

योजनेनें कांहीं गोष्टी निश्चित साधल्या. भाव पेरणीच्या सुमारास कळूं लागला, व्यापाऱ्याच्या मर्जीवर सर्वस्वीं अवलंबून राहण्याची वेळ टळली, आणि ज्या वर्षीं गांठी चांगल्या भावानें विकल्या गेल्या त्या वर्षीं कास्तकाराच्या हातीं वाढीव रक्कमहि आली. चढत्या वर्षांतील नफ्याचा कांहीं भाग बाजूस ठेवून पडत्या वर्षांत त्यांतून भरपाई करावी, यासाठीं भावांतील चढउताराचा एक निधिहि कायद्यांत योजिला होता. म्हणजे नुकसान कोठून सोसावयाचें याचा विचार आरंभीं झाला होता, ही गोष्ट योजनाकारांस भूषणावह आहे.

मग बिघडलें कोठें? हमीभाव ठरविणारा एक, गांठी विकणारा दुसरा आणि तूट भरणारा तिसरा, अशी वांटणी पुढें पडत गेली. भाव जाहीर करणाऱ्यास तो वाढविण्याचें श्रेय मिळे. त्या भावानें घेतलेला माल विकतांना बाजार उतरला तर त्याचें उत्तर त्याला द्यावें लागत नसे. १९९० नंतरच्या दशकांत केंद्राच्या आधारभावावर आगाऊ बोनसहि देण्यांत येऊं लागला, आणि निधि त्या ओझ्यास पुरा पडला नाहीं. शेजारच्या राज्यांत भाव चढला कीं सरहद्दीवरून कापूस बाहेर जाई. तेथें भाव उतरला कीं बाहेरचा कापूस येथल्या केंद्रांवर येई. म्हणजे तेजीच्या वर्षीं योजनेस माल मिळत नसे आणि मंदीच्या वर्षीं परका मालहि तिच्या गळ्यांत पडे. केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागत, कांहीं काळ पैसे हप्त्यांनीं मिळत, आणि अडलेला कास्तकार ते हप्ते थांबून घेण्याऐवजीं आपला माल परभारें विकून मोकळा होई. शेवटीं हजारों कोटि रुपयांचा बोजा राहून २००२ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांस खरेदीची मुभा देण्यांत आली आणि एकाधिकार संपला. कल्पनेचें मोठेपण कमी पडलें असें नाहीं. भाव ठरविण्याचा अधिकार आणि तुटीची जबाबदारी एकमेकांपासून सुटलीं, हें त्या अपयशाचें खरें कारण.

दुसरें उदाहरण आकारानें लहान, पण अधिक हळवें आहे. अमरावती जिल्ह्यांतील धारणी व चिखलदरा हे तालुके म्हणजे मेळघाट. तेथील कोरकू वस्त्यांतील कुपोषणाच्या व बालमृत्यूंच्या वार्ता १९९० नंतरच्या दशकांत सर्व देशानें वाचल्या. अंगणवाडीचा आहार कोणाकडून घ्यावा हा प्रश्न अशा ठिकाणीं नुसता हिशेबाचा राहत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ७ ऑक्टोबर २००४ रोजीं आज्ञा दिली कीं, अंगणवाड्यांच्या पोषण आहारासाठीं ठेकेदार वापरूं नयेत, आणि शक्यतों गांवचे समूह, बचत गट व महिला मंडळें यांच्याकडून धान्य घेऊन अन्न तयार करवावें. ही खरेदीच्या रीतींतील मोठी क्रांति होती. दर आणि वजन यांच्या जोडीला "कोणाकडून घ्यावें" हाहि खरेदीचा एक निकष झाला.

परंतु आज्ञा आणि निविदा यांत अंतर राहतें. बचत गटाच्या बायांजवळ मोठें भांडवल नसतें, यंत्रें नसतात, वर्षांची उलाढाल दाखविणारीं पुस्तकें नसतात. एकाच निविदेंत फार मोठें क्षेत्र घातलें आणि यंत्रसामग्रीच्या व भांडवलाच्या अटी जड ठेवल्या, कीं बचत गटाचें नांव कागदावर उरतें आणि काम मोठ्या पुरवठादाराकडे जातें. महाराष्ट्रांत घरीं न्यावयाच्या आहारासाठीं २०१६ सालीं निघालेल्या निविदेविषयीं असाच वाद झाला. फेब्रुवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती प्रक्रिया रद्द केली आणि लहान क्षेत्रांसाठीं नव्यानें निविदा काढण्यास सांगितलें. नव्या खरेदीदारांस वाव द्यावयाचा तर कामाचे तुकडे त्यांच्या आवांक्यांतील असले पाहिजेत, हा त्यांतला व्यावहारिक बोध.

याच्या उलट बाजूनें पाहिलें तर २०१५ सालीं आदिवासी भागांत सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना उद्बोधक आहे. गरोदर व स्तनदा मातांस दिवसांतून एक वेळचें पूर्ण जेवण अंगणवाडींत शिजवून द्यावयाचें, आणि त्यासाठीं पैसा गांवच्या आहारसमितीकडे देऊन शिधा तेथल्या तेथें घ्यावयाचा, अशी तिची कल्पना. आरंभीं एका जेवणास २२ रुपये धरले होते. येथें घेणारी, शिजविणारी आणि जेवणारी या एकाच गांवच्या बाया असतात. म्हणजे इतवाऱ्यांतील गृहिणीची परीक्षा सरकारी खरेदींत पुष्कळ अंशीं परत आली. पण येथेंहि तोच प्रश्न दबा धरून बसलेला असतो. पैसा यावयास दोन महिने उशीर झाला, तर मधल्या काळांत डाळ-तांदूळ कोणाच्या उधारीवर आणावयाचे? शहरांतील ठेकेदार बँकेकडून कर्ज काढून दम धरूं शकतो. अंगणवाडीची सेविका गांवच्या वाण्याकडे आपली पत गहाण टाकते. सरकारच्या विलंबाची जोखीम अशा रीतीनें योजनेंतील सर्वांत गरीब माणसाकडे सरकते. वेळेवर पैसे देणें ही कृपा समजूं नये. नव्या खरेदीचा तो पाया आहे.

ही अडचण आपलीच आहे असेंहि नाहीं. १७१४ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें एक कायदा करून जाहीर केलें कीं, समुद्रावर जहाजाचें रेखांश अर्ध्या अंशाच्या आंत अचूक सांगण्याचें साधन जो देईल त्यास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस मिळेल. साधन कोणतें असावें हें कायद्यानें सांगितलें नाहीं. घड्याळ, दुर्बीण, चंद्राचे कोष्टक, कांहींहि चालेल, फक्त परिणाम हवा. जॉन हॅरिसन नांवाच्या, मूळच्या सुतारकाम करणाऱ्या घड्याळजीनें आयुष्य वेंचून समुद्रावर अचूक चालणारें घड्याळ बनविलें, आणि १७६१-६२ च्या जमेकाच्या सफरींत तें कसोटीस उतरलें. तरीहि पार्लमेंटकडून शेवटची मोठी रक्कम मिळावयास १७७३ साल उजाडलें. तेव्हां तो ऐंशी वर्षांचा झाला होता. परीक्षक मंडळांतील कांहीं विद्वान दुसऱ्याच पद्धतीचे पुरस्कर्ते होते, हेंहि त्या विलंबाचें एक कारण. या गोष्टींतून दोन धडे निघतात. वस्तूचें वर्णन देण्याऐवजीं हव्या त्या परिणामाचें वर्णन द्यावें, हा पहिला. मोजणारा त्रयस्थ असावा आणि पैसा ठरल्या वेळीं द्यावा, हा दुसरा.

अलीकडे आपल्याकडेहि या दिशेनें पावलें पडलीं आहेत. २०१६ सालीं केंद्र सरकारनें नवोद्योगांस पूर्वानुभवाच्या व उलाढालीच्या अटींत सूट देण्याचें धोरण स्वीकारलें. अर्थात् गुणवत्तेची अट कायम ठेवून. त्याच वर्षीं १ डिसेंबरला महाराष्ट्र शासनाच्या उद्योग विभागानें सरकारी खरेदीची सुधारलेली नियमपुस्तिका काढली. २९ ऑक्टोबर २०२१ रोजीं केंद्रीय वित्त मंत्रालयानें मान्य केलें कीं, कांहीं कामांत केवळ सर्वांत कमी दर पाहण्यापेक्षां गुणवत्तेसहि वजन द्यावें. पण तें वजन शेंकडा ३० च्या वर जाऊं नये. महाराष्ट्रांत २०१८ पासून दुसराहि एक प्रयोग झाला. राज्य नवोपक्रम सोसायटीच्या सप्ताहांत निवड झालेल्या २४ नवोद्योगांस, आपली वस्तु सरकारी खात्यांत प्रत्यक्ष वापरून दाखविण्यासाठीं, प्रत्येकीं १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची व्यवस्था केली गेली. आमच्या अकोल्याच्या तरुणास पहिलें काम मिळण्याचा हा एक सरळ मार्ग आहे. मात्र परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढें काय, हा प्रश्न उरतोच. जिल्ह्यानें तेंच उपकरण मोठ्या संख्येनें घ्यावयाचें ठरविलें कीं पुन्हां सामान्य निविदा, पुन्हां उलाढालीची अट, आणि कदाचित् त्याच वस्तूची नक्कल करून कमी दर देणारा दुसराच कोणी पुढें येतो. परीक्षेचें दार आणि खरेदीचें दार यांच्यामध्यें जोडणारी ओसरी नाहीं.

ही ओसरी कशी बांधतां येईल, तें एका कल्पित पण आपल्या भागांतल्याच उदाहरणानें पाहूं. पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. २०१८ सालीं जागतिक बँकेच्या साह्यानें सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत या पट्ट्यांतील ९३२ गांवें घेतलीं होतीं, यावरून त्याच्या विस्ताराची कल्पना येईल. येथें विहिरीस पाणी लागतें, पण तें पिववत नाहीं. मूतखड्याच्या व मूत्रपिंडाच्या तक्रारी तेथील माणसें पिढ्यानुपिढ्या सांगत आलीं आहेत. अकोट-तेल्हाऱ्याकडील चौऱ्यांशी खेडीं योजनेसारख्या मोठ्या नळयोजना वान धरणाचें गोडें पाणी दूरवर नेतात. परंतु नळाच्या शेवटच्या टोंकाच्या गांवास जोडीला दुसरी कांहीं सोय असावी असें वाटणें स्वाभाविक आहे.

आतां दर्यापूर तालुक्यांतील असें एक गांव कल्पूं. नेहमींच्या रीतीनें निविदा काढली तर तींत क्षार काढणारें यंत्र इतक्या शक्तीचें, टाकी इतक्या लिटरची, खोली इतक्या फुटांची, असें वर्णन येईल. सर्वांत कमी दराचा ठेकेदार तें बसवील, छायाचित्र काढील, देयक घेईल आणि जाईल. पहिल्या वर्षीं पडदे क्षारानें भरतील, वीज जाईल, दुरुस्तीस माणूस मिळणार नाहीं, आणि यंत्रांतून बाहेर पडणारें अतिखारें पाणी कोठें सोडावें याचा विचार कोणींच केलेला नसेल. कागदोपत्रीं खरेदी निर्दोष असेल. गांव मात्र पुन्हां खारेंच पाणी पिईल. यंत्र फसण्याची सारी जोखीम गांवानें सोसली.

त्याऐवजीं निविदेंत असें लिहावें: या गांवच्या प्रत्येक घरास रोज ठराविक लिटर पिण्याचें पाणी पांच वर्षें मिळालें पाहिजे. विरघळलेल्या क्षारांचें प्रमाण भारतीय मानकाप्रमाणें लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आंत असावें; जेथें दुसरा उपायच नाहीं तेथें मानक २,००० पर्यंत सवलत देतें, पण आपण ती सवलत घेणार नाहीं. टाकाऊ खाऱ्या पाण्याची विल्हेवाट शेताचें नुकसान न करतां लावली पाहिजे. हें यंत्रानें करा, पावसाचें पाणी सांठवून करा, वा दोन्ही मिळून करा. उभारणीसाठीं कांहीं रक्कम आधीं मिळेल. उरलेली दरमहा, पाणी मिळाल्याच्या मोजणीवर. वीज गेल्यामुळें खंड पडला तर तो दोष खात्याचा. पडदा फुटल्यामुळें पडला तर पुरवठादाराचा. म्हणजे प्रत्येकानें आपल्या हातांतील गोष्टीचीच जोखीम घ्यावयाची. आरंभ तीन गांवांपासून करावा, मधें एक पुरा उन्हाळा जाऊं द्यावा, आणि या परीक्षेंत उतरलेल्यास पुढच्या ठराविक संख्येच्या गांवांचें काम त्याच दरानें मिळेल, हें पहिल्याच निविदेंत लिहून ठेवावें. तीच ती ओसरी.

या पद्धतीवर एक आक्षेप सहज येईल. वर्णन सैल केलें कीं लांचलुचपतीस वाट मिळणार नाहीं काय? भीति खोटी नाहीं. पण सैल वर्णन आणि परिणामाचें वर्णन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यांतील क्षार मोजतां येतात, लिटर मोजतां येतात, बंद पडलेले दिवस मोजतां येतात. कसोटी, गुण देण्याची रीति आणि पैसे देण्याची तारीख या तिन्ही गोष्टी दर उघडण्यापूर्वीं छापून टाकाव्या; मग मर्जीला जागा कमीच उरते. येथें कारंज्याच्या बाजाराची आठवण पुन्हां उपयोगीं पडते. तेथें मापारी विकणाराचाहि नसावा आणि घेणाराचाहि नसावा, म्हणून त्याला परवाना घ्यावा लागे. आमच्या गांवचें पाणी मोजणारा ठेकेदाराचा नोकर नसावा, आणि पैसे देणाऱ्या खात्याचाहि नसावा. जवळच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा तें काम करूं शकेल. आणि तिनें काढलेला आंकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्यास खडूनें लिहिला जावा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तीन गांवांतील प्रयोग फसला तर तो पैसा वायां गेला असें लेखापरीक्षक म्हणणारच. यावर उपाय एवढाच कीं, परीक्षेसाठीं राखलेली रक्कम आरंभींच परीक्षेची म्हणून मंजूर करावी, तिची मर्यादा ठरवावी, आणि निकाल चांगला-वाईट जसा येईल तसा प्रसिद्ध करावा. तीन गांवांत फसलेली गोष्ट तीनशें गांवांत घेण्यापासून आपण वांचलों, तर तो पैसा कारणीं लागला असेंच म्हटलें पाहिजे. एकाधिकार योजना एकाच हंगामांत सबंध राज्यावर पसरली. ती प्रथम एखाद्या तालुक्यांत चार हंगाम चालवून पाहिली असती, तर सरहद्दीवरची गळती आणि निधीची अपुरी खोली आधींच ध्यानांत आली असती, असें आज मागें वळून पाहतां वाटतें.

शेवटीं थोडें आपल्या स्वतःविषयीं. सरकारी खरेदीची चर्चा आपण सुशिक्षित माणसें बहुधा एकाच वेळीं करतों, वर्तमानपत्रांत घोटाळ्याची बातमी आली म्हणजे. तेव्हां आपण विचारतों, "एवढा दर कां दिला?" हा प्रश्न अवश्य विचारावा. पण त्याच्या जोडीस दुसराहि प्रश्न आपल्या नगरसेवकास, जिल्हा परिषदेच्या सभासदास विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे: "गेल्या वर्षीं घेतलेली वस्तु आज चालते आहे काय?" पहिल्या प्रश्नाच्या भीतीनें अधिकारी स्वस्त वस्तु घेतो. दुसरा प्रश्न येणार हें ठाऊक असेल तर तो उपयोगाची वस्तु घेण्याचें धैर्य करील. इतवाऱ्यांतून आणलेल्या डाळीचा निकाल संध्याकाळीं चुलीवर लागतो. मेळघाटांतल्या अंगणवाडीच्या जेवणाचा आणि खारपाणपट्ट्यांतल्या नळाचा निकालहि तितक्याच सरळपणें लागतो. फक्त तो विचारावयास कोणी तरी गेलें पाहिजे.